सोफ्यावरून काय दिसतं

नकाशा मला वाचता येतो, असा माझा समज होता. त्याला आधार एवढाच की शाळेत भूगोलाच्या पेपरात नकाशा भरताना माझ्या नद्या कधी डोंगरावर चढल्या नाहीत. पण घराचा नकाशा हा वेगळाच प्राणी असतो. तो कागदावर गरीब दिसतो आणि विटांत बांधला की अंगावर येतो.

त्यात माझी नोकरी विमा कंपनीतली. लोकांचं जे काही जळतं, पडतं, वाहून जातं, ते नेमकं कोणाच्या चुकीने, हे शोधून काढणं हे माझं काम. समोरचा माणूस रडवेला होऊन सांगत असतो, "साहेब, छप्पर उडालं हो!" आणि मी शांतपणे विचारतो, "उडण्यापूर्वी ते नीट बसवलेलं होतं का?" इतकी वर्षं हे केल्यावर माणसाला हळूहळू वाटायला लागतं, की चुका ही इतरांनी करायची गोष्ट आहे. आपण फक्त त्या दाखवायच्या.

तर आम्ही घर बांधायला काढलं. आम्ही म्हणजे मी, बायको आणि आई. आर्किटेक्ट एक तरुण बाई होती. हळू बोलायची, केसांचा अंबाडा घालून त्यात पेन्सिल खोचायची. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, "तुमच्या अपेक्षा काय आहेत?"

बायको म्हणाली, "स्वयंपाकघराला मोठी खिडकी. ओट्याच्या समोर. बाहेरचं दिसलं पाहिजे."

"आणखी?"

"बस. एवढंच."

आई म्हणाली, "मला खालची खोली द्या आणि तिला दार द्या. हल्लीच्या घरांत दारंच नसतात. नुसतं इकडून तिकडे चालत सुटायचं."

मग माझी पाळी आली. मी घसा साफ केला. हॉल, मी सांगितलं, असा पाहिजे की वीस माणसं आरामात बसली पाहिजेत.

"वीस?" बायको म्हणाली. "आपण वीस माणसांना ओळखतो?"

"आता नाही ओळखत. हॉल झाला की ओळखू."

आर्किटेक्टने काढलेला नकाशा, आता कळतं, अगदी समंजस होता. पुढे रस्त्याच्या बाजूला हॉल. त्याच्या मागे मधोमध जिना आणि जिन्याला लागून टॉयलेट. मागच्या एका कोपऱ्यात आईची खोली, दुसऱ्या कोपऱ्यात स्वयंपाकघर. त्याची खिडकी मागच्या मोकळ्या मैदानाकडे. आणि हॉल व टॉयलेट यांच्यामध्ये एक लहानशी आडवी भिंत. ना कशाला आधार, ना कशाला जोड. उगीच उभी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"आडोशाला," ती म्हणाली.

"कोणाच्या?"

"असू दे हो. लागेल."

"ही काढली तर हॉल वाढेल ना?"

"थोडासा वाढेल."

मी खिशातलं लाल पेन काढलं. याच पेनाने मी लोकांचे दावे फेटाळतो. त्या भिंतीवर मी फुली मारली. तिने केसांतली पेन्सिल काढली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पेन्सिल परत केसांत खोचली. बोलली काही नाही. शहाण्या माणसाने गप्प बसावं असे काही प्रसंग असतात. हा त्यातला नव्हता, असं मला आजही वाटतं.

बांधकाम सुरू झालं. ठेकेदार मोठा गोड माणूस. त्याला काहीही विचारा, तो "होऊन जाईल" म्हणायचा. दार इथे हवं? होऊन जाईल. भिंत वाकडी वाटतेय? होऊन जाईल. म्हणजे सरळ होऊन जाईल की आणखी वाकडी, हे आपण समजून घ्यायचं.

आणि शेजारच्या घरातून सूचनाकाका आले. त्यांना एक खरं नावही आहे, पण ते फक्त त्यांच्या पाटीवर. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडून सल्ला नळ उघडा राहिल्यासारखा येत असतो. बादली लावलेली आहे की नाही, ते पाहत नाहीत.

भिंती उभ्या राहिल्या, चौकटी बसल्या, तेव्हा एका सकाळी काका हातात प्लास्टिकची खुर्ची घेऊन हॉलमध्ये आले. ती त्यांनी बरोबर मधोमध मांडली.

"सोफा इथेच ना?"

"हो. आणि समोर दोन खुर्च्या."

"बसा."

मी बसलो.

"काय दिसतं?"

"भिंत."

"भिंतीत काय आहे?"

"चौकट."

"कशाची?"

उत्तर माझ्यासमोरच होतं. रंग पसंत आहे का पाहून घ्या म्हणून ठेकेदाराने आदल्या दिवशी एक कमोड आणून ठेवला होता. त्या चौकटीच्या बरोबर मध्ये, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तो माझ्याकडे तोंड करून बसला होता. घरमालक तो आणि पाहुणा मी, असा देखावा होता.

"आता समजा," काका म्हणाले, "तुमचे साहेब आलेत. हातात चहाचा कप आहे. आणि तेवढ्यात आतून कडी काढल्याचा..."

"काका, पुरे."

"ऐका तर. आधी पाण्याचा आवाज येईल, मग कडीचा..."

"काका!"

ते गेल्यावर मी खुर्ची उचलली आणि हॉलभर फिरलो. या कोपऱ्यात बसून पाहिलं, त्या कोपऱ्यात बसून पाहिलं, खिडकीकडे पाठ करून मान वळवून पाहिलं. वीस माणसं बसतील असा हॉल मी मागितला होता. विसांपैकी एकाचीही गैरसोय होऊ नये, अशी व्यवस्था झाली होती.

मी आर्किटेक्टला फोन केला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "ती आडवी भिंत परत घालू या."

किती साधा उपाय! ऐकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि माझा बराच मनस्ताप वाचला असता. पण परत घालायची म्हणजे ठेकेदाराला सांगायचं, काकांच्या देखत सांगायचं, की बाई म्हणत होत्या ते बरोबर आणि मी मारलेली फुली चूक. आमच्या खात्यात चूक कबूल करणाऱ्याचा दावा सगळ्यात आधी फेटाळतात. मी म्हटलं, "विचार करतो."

घरी काही बोललो नाही. बायको बँकेत नोकरी करते आणि तेव्हा तिच्याकडे वर्षअखेरीची धांदल होती. ती घरी यायची तीच आकडे पुटपुटत. "बांधकाम कसं चाललंय?" असं विचारायची, आणि मी म्हणायचो, "होऊन जाईल."

मग मी विचाराला बसलो. दार पलीकडच्या भिंतीत काढलं तर? ते स्वयंपाकघरात उघडत होतं. तिसऱ्या बाजूला आईची खोली. आईला दार हवं होतं हे खरं, पण हे नव्हे. चौथ्या बाजूला जिना. मी डोकं धरून बसलेला पाहून काका आले.

"अहो, दार कशाला हलवताय? संडासच उचला आणि मागच्या कोपऱ्यात टाका. स्वयंपाकघर मध्ये घ्या. आईंच्या खोलीच्या कडेने एक बोळ काढला की झालं. आहे काय नि नाही काय!"

"पण स्वयंपाकघराची खिडकी?"

"खिडकी काय, कुठेही निघते."

हे वाक्य मला फार आवडलं. अडचणीतल्या माणसाला अशीच वाक्यं आवडतात.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी स्वतः नवा नकाशा काढला. पट्टी घेऊन, बॉलपेनने. खोटं कशाला बोलू, तो इतका सुबक झाला की मी तो थोडा लांब धरून पाहिला. हॉल तसाच भव्य. मध्ये स्वयंपाकघर, मागे बोळ, बोळाच्या टोकाला संडास, कोणाच्या बापाला दिसणार नाही असा. ठेकेदाराने तो नकाशा हातात घेऊन बराच वेळ मान हलवली. मी तो त्याच्या हातात सुलटा करून दिला. त्याने पुन्हा मान हलवली.

"होऊन जाईल."

आणि झालं. गवंड्यांनी भराभर भिंती उठवल्या. त्या उठल्या तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. भिंतीला जाडी असते. माझ्या चित्रात भिंत बॉलपेनच्या रेघेइतकी होती. गवंड्यांनी मात्र ती विटांची बांधली, वर तिला दोन्ही बाजूंनी गिलावा होणार होता. अशा चारही बाजूंच्या भिंतींनी आणि काकांच्या बोळाने स्वयंपाकघराचा थोडा थोडा घास घेतला होता. ठेकेदार मध्ये उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पसरले. म्हणजे पसरायला लागला. कोपरांपर्यंतच पसरता आले.

"फ्रिज कुठे ठेवायचा?" मी विचारलं.

"हॉलमध्ये ठेवा," तो म्हणाला. "हॉल मोठा आहे."

मग गवंडी विचारायला आला, खिडकी कुठे काढायची? मी मध्ये उभा राहून गोल फिरलो. समोर हॉल, मागे संडास, डावीकडे आईची खोली, उजवीकडे जिना. बाहेर असं कुठे नव्हतंच. हे स्वयंपाकघर म्हणजे घराच्या पोटात गिळलेली खोली होती. पण बायकोने खिडकी मागितली होती आणि खिडकी द्यायची हे मी ठरवलेलं होतं. मी जिन्याच्या भिंतीकडे बोट केलं.

"इथे. मोठी काढा."

यानंतर पालिकेची नोटीस आली. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे नाही, सबब तूर्त थांबवावे. मी ती घेऊन तडक काकांकडे गेलो. अशा वेळी आपल्या बाजूने बोलणारं कोणीतरी हवं असतं.

काकांनी नोटीस वाचली. "लवकर आली," ते म्हणाले. "तक्रार देऊन फार दिवस झाले नाहीत."

"काका, तक्रार तुम्ही दिलीत?"

"मीच."

"पण कल्पना तुमचीच होती!"

"कल्पना शेजारी म्हणून दिली. तक्रार नागरिक म्हणून केली." त्यांचा आवाज अगदी प्रेमळ होता. "तुमच्या नव्या संडासाचा झरोका सरळ माझ्या व्हरांड्यात उघडतो. सकाळी मी तिथे पेपर वाचत बसतो. तुम्ही हे बघायला नको होतं का? चहा घेणार?"

मी चहा घेतला. माणूस किती खचला आहे हे अशा गोष्टींवरून कळतं.

पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात एक जाड भिंगांचे कारकून होते. त्यांनी मंजूर नकाशा टेबलावर पसरला, त्यावर एका हाताने पेपरवेट आणि दुसऱ्या हाताने आपला डबा ठेवला.

"शौचालय हललंय," ते म्हणाले.

"थोडंसंच."

"साहेब, शौचालय थोडंसं हलत नाही. हललं की हललं. कारण लिहा."

मी लिहिलं, 'तांत्रिक अडचण.' त्यांनी कागद परत केला.

"तांत्रिक सगळेच लिहितात. खरं काय ते लिहा."

मग मी खरं लिहिलं. 'हॉलमधील सोफ्यावर बसले असता शौचालयाचा अंतर्भाग दिसतो, या कारणास्तव.' कारकुनांनी ते मोठ्याने वाचलं. मला वाटलं, आता सगळं ऑफिस हसणार. मी मान खाली घातली. पण कोणीच हसेना. कारकुनांनी चष्मा काढला, पुसला आणि हळूच म्हणाले, "आमच्याकडेही तसंच आहे."

"आमच्याकडे जेवणाच्या टेबलावरून दिसतं," पलीकडच्या टेबलावरचे म्हणाले.

"आमच्याकडे दिसत नाही," फायली लावणाऱ्या बाई म्हणाल्या, "पण ऐकू येतं."

बघता बघता माझ्याभोवती घोळका जमला. कोणी पडदा लावला होता, कोणी मोठं कपाट आडवं टाकलं होतं. एकाने तर पाहुणे आले की मुलाला दारापुढे उभं करून कविता म्हणायला लावायची पद्धत पाडली होती. गलका ऐकून आतून मोठे साहेब बाहेर आले. काय चाललंय ते त्यांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि दार लावलं. सगळे भराभर आपापल्या खुर्चीत बसले. मग दार पुन्हा किलकिलं झालं आणि साहेब म्हणाले, "आम्ही रेडिओ लावतो."

इतका आपलेपणा मला सरकारी कचेरीत कधी मिळाला नव्हता. पण आपलेपणावर नकाशा मंजूर होत नाही. कारकुनांनी चष्मा चढवला आणि ते परत कारकून झाले. सुधारित नकाशा आणा, आर्किटेक्टच्या सहीचा. नाहीतर पाडा.

आर्किटेक्टकडे कुठल्या तोंडाने जायचं, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात बायकोच्या बँकेतली धांदल संपली. रविवारी सकाळी ती म्हणाली, "चला, आज घर बघू या." मी उन्हाचं कारण सांगून पाहिलं. पाय मुरगळल्याचं सांगून पाहिलं. ती तयार होऊन बसलीसुद्धा. आईही म्हणाली, "जा रे, एवढी हौसेने निघालीय."

हॉल तिने पाहिला. "बाई, मैदानच आहे की," म्हणाली. मग ती आत वळली. तिने पर्समधून शिवणकामाची टेप काढली. पडद्याचं माप घ्यायला ती टेप घेऊन आली होती. कापडही म्हणे तिने बघून ठेवलं होतं.

"स्वयंपाकघर कुठाय?"

"हेच."

"हे? मला वाटलं अडगळीची खोली." तिने चारी बाजूंना पाहिलं. "आणि खिडकी?"

"ही काय. चांगली मोठी काढलीय."

ती खिडकीसमोर उभी राहिली. काम बंद असलं तरी वरच्या भिंतींवर पाणी मारायला ठेकेदार आला होता. तो नेमका त्याच वेळी जिना चढत होता. खिडकीच्या डाव्या बाजूने त्याचं डोकं आलं, मग छाती, मग पोट, मग गुडघे, आणि शेवटी दोन चपला उजव्या कोपऱ्यातून वर निघून गेल्या.

"होऊन जाईल, वहिनी," वरून आवाज आला.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, माझी उत्तरं तयार होती. ती तिथेच विटांच्या ढिगावर बसली.

"आत्ताच्या घरात ओट्यासमोर पांढऱ्या फरशा आहेत," ती म्हणाली. "त्यातल्या एकीला तडा गेलाय. वरून येतो आणि मध्ये दुभंगतो. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी त्या तड्याकडे बघत स्वयंपाक करतेय. तुम्हाला माहीत तरी आहे का तो?"

मला माहीत नव्हता.

"मला वाटलं होतं, आता समोर एखादं झाड दिसेल. कोणी येता-जाता दिसेल. बाकी मी काय मागितलं होतं हो?"

तिने टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवली. घरी जाताना स्कूटरवर ती मागे बसली होती, पण तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. दोन्ही हातांनी मागची कडी धरली होती. मी गाडी इतकी सांभाळून चालवली की एका सायकलवाल्याने घंटी वाजवून मला मागे टाकलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी आर्किटेक्टकडे गेलो आणि कॅलेंडर तिच्यासमोर ठेवलं. ते तिने पुष्कळ वेळ पाहिलं. पालथं करून महिना कुठला तेही पाहिलं.

"भिंतीची जाडी कुठे धरलीय?"

"कुठली जाडी?"

तिने केसांतली पेन्सिल काढली. मी म्हटलं, "एक मिनिट. आधी मला बोलू द्या. तुमची आडवी भिंत बरोबर होती. मी चुकलो." प्रतिष्ठा म्हणावी असं माझ्याकडे काही उरलेलंच नव्हतं, त्यामुळे वाक्य बोलायला सोपं गेलं.

संध्याकाळी आम्ही तिघं जागेवर गेलो. मी, आर्किटेक्ट आणि बायको. बायको यायला तयार नव्हती. आईने तिला जवळजवळ ढकलून पाठवलं होतं. आर्किटेक्ट म्हणाली, नव्या भिंती पाडू, मूळ नकाशावर येऊ, आडवी भिंत घालू, आणि ताईंची खिडकी मागच्या मैदानाकडे होती तिथेच करू. मी ठेकेदाराच्या देखत, काका कुंपणावरून ऐकत असताना, "हो" म्हणालो. बायकोच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. "खिडकीतून नेमकं काय दिसेल, बघू तरी," म्हणत ती मागे गेली.

मागे मैदान नव्हतं. म्हणजे होतं, पण त्यात एक यंत्र खोदत होतं. आमच्या कुंपणाला लागून लांबच लांब चर गेला होता. तिथल्या माणसाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, गोदाम होतंय. उंच. या बाजूला खिडकी-बिडकी काही नाही, सरळ भिंत.

आर्किटेक्टने पेन्सिल काढली, पण तिने ती नुसतीच हातात धरली. हे तिलाही माहीत नव्हतं. कोणाच्याच नकाशात ते गोदाम नव्हतं.

"म्हणजे पुन्हा भिंतच," बायको म्हणाली.

आता मी किती हलका माणूस आहे ते पाहा. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, की म्हणजे मूळ नकाशाही चुकलाच असता! मी "बघ, म्हणजे मी जे केलं..." इथपर्यंत बोललोही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. उरलेलं वाक्य मी गिळलं. ते अजून पचलेलं नाही.

मी एकटाच हॉलमध्ये जाऊन काकांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. या वेळी तोंड रस्त्याकडे करून. मनाशी म्हटलं, निदान आपले वीस पाहुणे तरी मोजून ठेवू. मेव्हणा आणि त्याची बायको. ऑफिसातले दोघं. आईची मैत्रीण. काका, नाइलाजाने. सातव्या नावाला मी अडखळलो आणि आठव्याला दूधवाला धरला. समोर रस्त्यापलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यावर वाकलेलं एक मोठं झाड. झाडाखाली शाळेच्या बसमधून मुलं उतरत होती. एका मुलीचा बूट बसमध्येच राहिला होता आणि ती एका पायावर उड्या मारत ओरडत होती. बस थांबवून कंडक्टरने बूट खाली टाकला. इतके महिने मी या हॉलमध्ये येत होतो, पण कायम रस्त्याकडे पाठ करून.

मी हाक मारली. सगळे आले.

"स्वयंपाकघर इथे करू," मी म्हटलं. "ओटा या खिडकीला लावून."

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन लागलं असावं.

"आणि तुमचा हॉल?" बायकोने विचारलं.

"मधली खोली आहे की. इथला थोडा तुकडा तिला जोडू."

"तरी तिथे सहा माणसं बसायची मारामार आहे."

"सहाच असतात," मी म्हटलं. "मी आत्ताच मोजली."

ती खिडकीपाशी गेली. ती बूटवाली मुलगी अजून रस्त्यात आपल्या आईला सगळा प्रसंग हातवारे करून सांगत होती. बायको ते बघत उभी राहिली. मग तिने पर्स उघडली आणि टेप काढली. "हे टोक धरा," ती मला म्हणाली. मी धरलं.

आर्किटेक्टने सुधारित नकाशा काढला. त्यावर भिंतींना जाडी होती, आणि खाली मला सही करायला लावून तिने एक ओळ घातली होती, की यापुढे मालक पेन हातात घेणार नाहीत. काकांनी अर्थातच विरोध केला. "रस्त्यावर स्वयंपाकघर? आज काय शिजतंय ते साऱ्या गावाला कळणार?" पण संडासाचा झरोका गोदामाच्या बाजूला फिरवला, तेव्हा त्यांनी नागरिक म्हणून तक्रार मागे घेतली आणि शेजारी म्हणून धुराड्याबद्दल बोलायला सुरुवात केली. पालिकेत कारकुनांनी शिक्का मारला आणि विचारलं, "आता सोफ्यावरून काय दिसतं?"

"जिना," मी म्हणालो.

"नशीबवान आहात."

तो जिना म्हणजे आईची करमणूक झाली आहे. त्या खिडकीसमोर ती खुर्ची टाकून बसते आणि वर जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पायाचा हिशेब ठेवते. "चपला घालून कोण गेलं रे वर? काळ्या, मागून झिजलेल्या." त्या नेहमी माझ्याच असतात. आणि आमच्या सहा आसनी हॉलमध्ये पाहुणा म्हणून अजून कोणी बसलेलंच नाही. जो येतो तो सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकतो आणि खिडकीतून बाहेर बघत गप्पा मारतो. आमचे साहेब आले तेसुद्धा तिथेच उभ्याने चहा प्यायले आणि सायकलवाल्याच्या धंद्याबद्दल बोलत राहिले.

परवा बायकोला बँकेतून यायला उशीर होणार होता. तिने फोन करून सांगितलं, बटाटे चिरलेत, तेवढे परतून ठेवा. मी कढई ठेवली, बटाटे टाकले आणि झाकण घालून खिडकीशी उभा राहिलो. सायकलच्या दुकानात एक गिऱ्हाईक तावातावाने सांगत होतं की पंक्चर याच दुकानात काढलं आणि इथेच पुन्हा झालं. दुकानदार म्हणत होता, खिळा तुमचा, रस्ता सरकारचा, माझं काय? प्रकरण सरळसरळ माझ्या खात्यातलं होतं. कोण चुकलं याचा मी इतका मन लावून विचार करत होतो, की बायको कोपऱ्यावर वळून येताना दिसली तेव्हाच भानावर आलो. हात हलवला. तिने हलवला नाही. ती रस्त्याच्या मधोमध थांबली होती आणि नाक वर करून हुंगत होती.

"अहो! काय जाळलंत?"

मी मागे वळून कढईकडे पाहायच्या आत शेजारच्या व्हरांड्यातून उत्तर गेलं. "बटाटे!" काका पेपर बाजूला करून म्हणाले. "कधीचा वास येतोय. पण म्हटलं, आपण उगाच कशाला बोला!"

इतक्या दिवसांत या माणसाने एक सूचना गिळली होती, ती ही.

बायकोने काकांकडे पाहिलं, मग खिडकीत हातात झारा घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि हातातली पर्स छातीशी धरून ती तिथे रस्त्यातच हसायला लागली. सायकलवाला आणि त्याचं गिऱ्हाईक भांडण थांबवून तिच्याकडे बघू लागले. गॅस बंद करायचा सोडून मीही बघत राहिलो.